काकवी समजू नये : मार्माइट आणि व्हेजिमाइट खाण्याची रीत

परदेशी शिकणारे भाचे-पुतणे सुटीत घरी येताना चॉकलेटांसोबत कधीकधी मार्माइट किंवा व्हेजिमाइटची बाटलीही आणतात. झाकण उघडले की आत काळपट, दाट आणि चकचकीत असे काहीतरी दिसते. गुऱ्हाळावर वाढलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला ती काकवीच वाटते आणि घोटाळा तिथेच होतो. मीही पहिल्या दिवशी काकवीसारखेच ते भाकरीवर सढळ हाताने ओतले होते. गोडाची वाट पाहणाऱ्या जिभेवर खारट-कडवट घास पडल्यावर पुढचे दोन महिने ती बाटली फडताळात मागे ढकललेली राहिली. या पदार्थाचा तिटकारा येण्याचे सर्वांत मोठे कारण त्याच्या चवीपेक्षा वाढण्याचे प्रमाण हेच असते, असे माझे मत झाले आहे.

हा पदार्थ बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा आटवलेला अर्क आहे. यीस्टमध्ये मीठ मिसळून ते ऊबेत ठेवले की त्याच्या पेशी फुटतात आणि पेशींमधलीच विकरे तिथल्या प्रथिनांचे तुकडे करतात. त्यातून मोकळे होणारे ग्लुटामेट मटणाच्या रश्श्यासारखी भरीव चव देते, पदार्थ मात्र शाकाहारीच राहतो. इंग्लंडमधील बर्टन अपॉन ट्रेंट या बिअरच्या गावी १९०२ मध्ये मार्माइटचा कारखाना निघाला, तर मेलबर्नमध्ये १९२३ पासून व्हेजिमाइट विकले जाऊ लागले. (आपल्याकडे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतही बिअरचे कारखाने आहेत, पण त्या यीस्टची चटणी करण्याचे कोणाला सुचलेले दिसत नाही.) घरातल्या वडीलधाऱ्यांना शंका येतेच, म्हणून सांगून ठेवावे की आटवल्यानंतर यात नशा येण्यासारखे काही उरत नाही.

आता खाण्याची रीत. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरताच तिचा पापुद्रा उचलून आत ताजे लोणी लावावे. मग चिंचोक्याच्या निम्म्याएवढा अर्क चमच्याच्या टोकावर घेऊन तो लोण्यात इतका पातळ पसरावा की खालची भाकरी दिसत राहील. लोणी वगळू नये, कारण कडवटपणा तेच सौम्य करते. शंभर ग्रॅम अर्कात ८ ते ११ ग्रॅम मीठ असते, त्यामुळे त्या जेवणात ठेचा आणि लोणचे बाजूला ठेवलेले बरे. धपाट्याला तो लावू नये. त्यात मीठ-मसाला आधीच असतो आणि दोन्ही चवी एकमेकींवर कुरघोडी करतात.

भाकरीवर तो आवडला नाही, तर चौघांच्या वरणात किंवा येसराच्या आमटीत अर्धा चहाचा चमचा अर्क गरम पाण्यात कालवून शेवटी घालावा आणि चव पाहूनच मीठ टाकावे. काळ्या मसाल्याच्या भाजलेल्या वासाशी त्याचे चांगले जुळते.

ज्यांना लहानपणापासून तो टोस्टवर मिळाला, त्यांना त्याच्या वासात घर आठवते आणि इतरांना औषध. हा दुभंग एवढा पक्का आहे की १९९६ पासून मार्माइटची जाहिरातच ‘आवडेल किंवा नावडेल’ या धर्तीवर चालत आली. औषध म्हणणारेही अगदीच चुकीचे नाहीत. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरांनी मुंबईत कापड गिरणीतल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर संशोधन करताना त्यांना मार्माइट देऊन पाहिले आणि त्याचा गुण आल्याचे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागचे जीवनसत्त्व म्हणजे फॉलेट, हे नंतर उलगडले. उच्च रक्तदाब किंवा युरिक अॅसिडचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हात आखडता घ्यावा, आणि एमएओ इनहिबिटर गटातली नैराश्यावरची औषधे चालू असतील, तर तो खाऊच नये.

पहिला घास नकोसा वाटला, तरी आठवडाभराने लोणी वाढवून आणि अर्क निम्मा करून पुन्हा एकदा पाहावे. तेव्हाही जमले नाही, तर बाटली वरणासाठी ठेवावी. आमच्या घरी सांगेपर्यंत कोणाच्याही ते लक्षात आलेले नाही.