घाटावरून कोकणात आलात? मोबाइलवर एवढं लावून घ्या

बदली होऊन रत्नागिरी, देवगड, मालवणकडे आलेल्यांनो, खोली आणि गॅस झाला की कानांचीही सोय बघा. जूनमध्ये पाऊस लागला की संध्याकाळी बाहेर पडणं होत नाही, आणि डीटीएच तर सर आली की चित्र घालवतंच.

आधी प्रसार भारतीचं 'न्यूज ऑन एआयआर' अ‍ॅप घ्या. फुकट आहे, आणि आकाशवाणीची दोनशेहून जास्त केंद्रं थेट लागतात. पहिले काही दिवस तुम्ही नागपूर नाहीतर सोलापूरच लावाल. मीही तेच करायचो. पण अधूनमधून रत्नागिरी केंद्र लावत जा, इथलं बोलणं कानात बसतं.

जुन्या नाट्यसंगीताची ओढ असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर ७८ आरपीएमच्या असंख्य तबकड्या रसिकांनी चढवून ठेवल्या आहेत. तिथे बरीच नावं रोमन लिपीत आणि ज्याला जशी सुचली तशी आहेत. बालगंधर्व एका स्पेलिंगने सापडले नाहीत तर दुसऱ्याने शोधा. चिकाटी लागते.

यूट्यूबवर मात्र देवनागरीतच लिहा: डबलबारी, शक्ती-तुरा, नमन, दशावतार (शेवटची दोन इथली लोकनाट्यं). डबलबारीत दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, अभंग, गजर, गवळण करत एकमेकांना कोड्यात पकडतात, आणि तासन् तास चालतं. शक्ती-तुऱ्यात असाच सवाल-जवाब शाहिरांचा. पहिल्यांदा गोंधळ वाटेल. दोन-तीन ऐका आणि ऑफिसात कुणाला तरी 'तुमचा बुवा कोणता?' एवढंच विचारा. चहा थंड होईपर्यंत समोरचा थांबणार नाही.

रेडिओला डेटा फार लागत नाही. ६४ केबीपीएसला तासाला ३० एमबीच्या आतच. अडचण रेंजची. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर असते, खाली खाडीकाठच्या वाडीत जाते. म्हणून मोठ्या फाइली शहरात असतानाच उतरवून ठेवा.

आणि सगळी भिस्त अ‍ॅपवर नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलही मुके. फोनमध्ये एफएम असेल तर वायरचा इयरफोन जवळ ठेवा, तीच त्याची अँटेना. डोंगराआड एफएम नीट लागत नाही, म्हणून मीडियम वेव्ह असलेला सेलवरचा छोटा रेडिओ बरा. सेल मे संपायच्या आत घ्या.