नानकटाई आणि जिरा बिस्किटं: तूप मऊ, लोणी गार

दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून जवळच्या बेकरीत द्यायचं आणि भाजलेली नानकटाई संध्याकाळी घरी आणायची, ही पद्धत महाराष्ट्रात अनेक गावांत होती, काही ठिकाणी अजूनही आहे. आता घरात ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन आला. तरी पहिली नानकटाई बहुधा ट्रेवर पसरून पापडासारखी होते किंवा उचलताना तिचा भगरा होतो, आणि बोल ओव्हनला लागतो. खरं तर गडबड त्याच्या आधीच झालेली असते, तूप कोणत्या अवस्थेत घेतलं त्यात. नानकटाईला तूप मऊ लागतं आणि जिरा बिस्किटाला लोणी गार. हे उलटसुलट झालं की भट्टीवालासुद्धा काही करू शकणार नाही.

आधी मापाचं बोलू. २४० मिलीचा कप चमच्याने हलका भरला तर त्यात साधारण १२० ग्रॅम मैदा बसतो, ठोकून दाबून भरला तर १५०. नानकटाईत ३० ग्रॅमचा फरक म्हणजे एक घाणा मऊसूत आणि दुसरा भुरभुरणारा. घरातली वाटी तर प्रत्येकाची वेगळी. बेकिंग करायचंच असेल तर पहिला खर्च वजनकाट्याचा करा, साच्यांचा नंतर.

नानकटाई

साधारण २० नगांसाठी: मैदा १५० ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, साजूक तूप १२५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खायचा सोडा दोन चिमटी, मीठ एक चिमूट, वेलची-जायफळ पूड पाऊण चमचा. वरून लावायला चारोळी किंवा पिस्त्याचे काप.

बेसन कच्चं वापरलं तर नानकटाई भाजूनही जिभेवर पिठूळ लागते. म्हणून ते मंद आचेवर कोरडंच तीन-चार मिनिटं परता, वास सुटला की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम बेसन तुपात पडलं की तूप वितळलंच म्हणून समजा. साखर घरी दळली असेल तर चाळून घ्या. कणी राहिली तर ती ओव्हनमध्ये वितळते, वरती तपकिरी ठिपके पडतात आणि नानकटाई पसरते.

आता तूप. डब्यातलं रवाळ, थिजलेलं, पण बोट सहज रुतेल असं तूप हवं. पुण्या-नाशिकच्या थंडीत ते दगड होतं. अशा वेळी गॅसवर ठेवू नका, वाटी तासभर उबदार जागी ठेवा किंवा हातानेच मळून सैल करा. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात उलट होतं, तूप पातळ झालेलं असतं. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि दर पाच मिनिटांनी चमच्याने ढवळा, म्हणजे कडा घट्ट आणि मध्य पातळ असं होत नाही.

परातीत तूप आणि साखर घेऊन तळहाताने गोल फिरवत फेसा. सुरुवातीला मिश्रण पिवळसर, जड असतं आणि बोटांना साखर लागते. चार-पाच मिनिटांनी रंग फिकट होतो. आठ-दहा मिनिटांनी ते पांढरंशुभ्र, हलकं होतं, परातीला चिकटून उभं राहतं आणि बोटाने ओढलेली रेघ भरून येत नाही. इथे थांबा. इलेक्ट्रिक बीटर असेल तर तीन-चार मिनिटांत होतं. या फेसण्यातच हवा भरली जाते आणि नानकटाईचा हलकेपणा मुख्यतः तिच्यातून येतो, सोडा नंतरचा. फेसता फेसता मिश्रण चकचकीत आणि ओघळतं झालं तर हाताच्या उबेने तूप वितळायला लागलं आहे. परात दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेसा.

मैदा, बेसन, रवा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र दोनदा चाळून (चाळणीत राहिलेला रवा वरून मिसळून टाका) दोन-तीन वेळा करून तुपात घाला, वेलची-जायफळही आत्ताच. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही, फक्त गोळा होईपर्यंत गोळा करायचं. गोळा होत नसेल तर दुधाचा हात लावायचा मोह होतो, तो आवरा. पाणी किंवा दूध गेलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई कडक होते. एक चमचा तूप घाला, पुरतं. फारच सैल वाटलं तर मैदा लोटण्याआधी पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानेच पीठ धरतं.

एकवीस-बावीस ग्रॅमचे गोळे करून तळव्यात जरा दाबा, जाडी सव्वा सेंटिमीटर. मध्ये चारोळी दाबून बसवा. ट्रेवर बटर पेपर घालून तीन-चार सेंटिमीटर अंतराने मांडा आणि ट्रे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तोवर ओव्हन १६० अंशांवर, वरच्या-खालच्या दोन्ही सळ्या चालू ठेवून तापवा.

सगळा ट्रे एकदम घालण्याआधी दोनच नग भाजून पाहा. हे कोणी करत नाही आणि मग वीसच्या वीस वाया जातात. दोन्ही बसून चपटे झाले तर उरलेल्या पिठात एक-दोन मोठे चमचे मैदा मिसळा. कडा फाटून तुकडे पडू लागले तर एक चमचा तूप.

मधल्या खणात १८ ते २२ मिनिटं. बाराव्या मिनिटाच्या आसपास वरती भेगा पडायला लागतात. कडेला हलका बदामी रंग आला आणि वरचा भाग अजून फिकटच असला तरी काढा. वर रंग येण्याची वाट पाहिली तर तळ करपतो. गरम नानकटाई मऊच असते, बोटाने दाबली तर रुतते. कच्ची राहिली म्हणून पुन्हा आत ढकलू नका. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, गार होताना ती धरते. उचलायची घाई केली की भगरा.

भेगाच पडल्या नाहीत तर बेकिंग पावडर जुनी आहे. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली पाहिजे. सोडा मात्र वाढवू नका, जास्त झाला की साबणासारखी चव आणि काळपट रंग येतो. तळ करपत असेल तर ट्रे एक खण वर घ्या. काळ्या ट्रेचा तळ लवकर लागतो, अ‍ॅल्युमिनियमचा साधा ट्रे बरा. तरीही जमत नसेल तर ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणा, कारण घरगुती ओटीजीचा आकडा आणि आतली उष्णता यांत दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो.

बेकरीतली नानकटाई जास्त ताठ उभी राहते, कारण तिथे बहुधा वनस्पती तूप असतं आणि ते साजूक तुपापेक्षा उशिरा वितळतं. चवीला मात्र साजूकच. नुसत्या कणकेची करायची असेल तर मैद्याइतकीच कणीक घ्या आणि तूप दहा ग्रॅम वाढवा. ती जरा घट्ट होते, पण खमंग लागते.

जिरा बिस्किटं

इथे सगळं उलट. मैदा १५० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, फ्रिजमधलं गार बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर २५ ग्रॅम, बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा, जिरे दोन छोटे चमचे, भरड मिरे अर्धा चमचा, गार दूध तीन मोठे चमचे. मीठ बटरवर ठरतं. विकतचं खारं बटर असेल तर अर्धा छोटा चमचा, बिनमिठाचं असेल तर एक. घरचं लोणी वापरायचं तर ताक पूर्ण निघेपर्यंत पाण्यात धुऊन निथळून घ्या आणि दूध एक चमचा कमी करा, कारण पाणी लोण्यातच असतं. साखर चवीपुरती वाटली तरी वगळू नका, रंग तिच्यामुळेही येतो.

जिरे कोरडे भाजून जरा चुरडा. पीठ, मीठ, साखर, बेकिंग पावडर, मसाला एकत्र करून त्यात बटरचे तुकडे टाका आणि बोटांच्या टोकांनी चोळा, तळहात लावू नका, तो गरम असतो. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसंच, फक्त मोहन इथे कडकडीत नसून गार. पीठ रव्यासारखं दिसलं आणि मुठीत दाबून मुटका वळला की दूध चमच्या-चमच्याने शिंपडा. गोळा झाला की थांबा, झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये.

दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून पाच मिलिमीटर जाड लाटा. पातळ लाटलेलं करपतं, जाड मधे मऊ राहतं. छोट्या वाटीने गोल पाडा किंवा करंजीच्या कातणाने चौकोन कापा. पाच सेंटिमीटरची तीसेक होतात. काट्याने टोचे मारायला विसरू नका, नाहीतर पुरीसारखी फुगतात. वर दुधाचा हात फिरवा आणि १७० अंशांवर १६ ते २० मिनिटं भाजा. साखर कमी असल्यामुळे इथे आच जरा वाढवता येते. कडा सोनेरी झाल्या की ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि बिस्किटं दहा मिनिटं आतच राहू द्या, कुरकुरीतपणा त्या दहा मिनिटांत येतो.

जिऱ्याऐवजी ओवा किंवा कसुरी मेथी चालते. हिरवी मिरची-कोथिंबीर घालणार असाल तर ती पुसून कोरडी करून बारीक चिरा. ओली गेली की बिस्किटं दुसऱ्या दिवशी नरम पडतात. बेकरीत अशा बिस्किटांना खायचा अमोनिया (अमोनियम बायकार्बोनेट) घालतात, त्याने ती फार हलकी होतात. घरी त्याचा उग्र वास सगळ्या स्वयंपाकघरात भरतो आणि जाड बिस्किटातून तो पूर्ण उडून जात नाही, तेव्हा त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. पदरांची खारी हे तर वेगळंच प्रकरण आहे, तिथून सुरुवात करू नका.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाची कढई घ्या, नॉनस्टिक नको, रिकामी तापली की लेप खराब होतो. तळाशी दीड कप मीठ पसरून वर तिवई ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग ताटली आत ठेवून आच अगदी मंद करा. नानकटाईला २० ते २५ मिनिटं लागतात. कुकर वापरत असाल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढा आणि पाणी घालू नका. उष्णता खालूनच येत असल्यामुळे वरचा रंग फिकट राहणार, त्यासाठी वेळ वाढवू नका. ते मीठ स्वयंपाकात वापरायचं नाही, बरणीत भरून पुढच्या वेळी पुन्हा कढईत. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन असेल तरच यातलं काही जमेल, नुसत्या मायक्रोवेव्हवर नाही.

डब्यात भरण्याआधी तासभर तरी उघड्यावर गार होऊ द्या, कोमट भरली की आत वाफ धरते. नानकटाई घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस टिकते, जिरा बिस्किटं दहा-बारा, मिरची-कोथिंबिरीची चार-पाच. पावसाळ्यात सादळली तर १४० अंशांवर पाच-सहा मिनिटं पुन्हा भाजून गार करा.