आजीच्या लुगड्यांची गोधडी: कात्री लावण्याआधी

आजी गेल्यावर तिची लुगडी बोचक्यात बांधून माळ्यावर टाकू नका, गोधडी शिवा. पण कात्री हातात घेण्याआधी मामा-मावश्यांना विचारा. एखादं लुगडं कुणाला अख्खंच हवं असतं, आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

मग प्रत्येक लुगडं उजेडासमोर धरून बघा. बसण्याच्या जागी सूत विरलेलं असतं. तो भाग फेकायचा नाही, आतल्या थरात घालायचा. पदर आणि काठ मात्र वर, डोळ्यांना दिसतील असे. सुती कापड सुतीबरोबरच ठेवा. रेशमी मध्ये आलं तर पहिल्याच धुण्यात गोधडी आकसते, कुठे फुगते. रंग जाणारं कापड आधी मिठाच्या पाण्यात नाही, साध्या गार पाण्यात वेगळं धुऊन पाहा. पाणी रंगलं तर ते बाजूलाच ठेवा.

लुगड्याचा पन्हा साधारण ४५ इंच. ६० इंचांचे दोन तुकडे शेजारी जोडले की एका माणसाच्या गोधडीचा एक थर होतो. नऊवारीतून असे पाच तुकडे निघतात. चार थर पुरे, त्याहून जाड झालं की सुई हाताला लागते.

थर जमिनीवर ताणून आधी मधून कडेकडे कच्चे टाके घाला. नंतर जाड सुती दोऱ्याने धावदोरा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर.

एक छोटा तुकडा न धुता डब्यात ठेवा. तिचा वास त्यातच राहतो.