पोलराइज्ड सेन्सर लावला, तरी काउंट चुकलाच

प्रकाशाच्या झोतावरून वस्तू ओळखणाऱ्या फोटोइलेक्ट्रिक सेन्सरचे थ्रू-बीम, रेट्रो, डिफ्यूज हे तीन प्रकार डिप्लोमाच्या तोंडीला सगळे घडाघडा म्हणतात, म्हणून ते उगाळत नाही. सेन्सरचं आउटपुट पीएनपी घ्यायचं की एनपीएन, हे पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) इनपुट कार्ड बघून ठरवा, एवढंच.

चाकणला माझ्या पहिल्या नोकरीत श्रिंक फिल्ममधले बाटल्यांचे पॅक मोजायला रेट्रो सेन्सर होता. हा समोरच्या रिफ्लेक्टरवर प्रकाश टाकतो आणि परत आलेला पकडतो; मध्ये पॅक आला की प्रकाश तुटतो आणि काउंट वाढतो. रात्रपाळीत काउंट कमी भरायचा. पॅक डोळ्यांदेखत पुढून जातोय आणि सेन्सरचा पिवळा दिवा ढिम्म. चकचकीत फिल्मच प्रकाश परत फेकत होती आणि सेन्सरला ती रिफ्लेक्टर वाटत होती.

मी ऐटीत पोलराइज्ड सेन्सर मागवला. त्याचं गणित असं: बाहेर पडणारा प्रकाश एकाच पातळीत (प्रतलात) कंपन पावतो आणि रिसीव्हरपुढचा फिल्टर त्याच्याशी ९० अंशांत असतो. आरशासारखा पृष्ठभाग प्रकाश तसाच परत पाठवतो, तो फिल्टरला अडतो. रिफ्लेक्टरच्या बारीक कोपऱ्यांतून येताना मात्र पातळी बदलते, म्हणून तेवढाच प्रकाश आत शिरतो. छान! पण ताणलेली प्लास्टिक फिल्मही हीच पातळी फिरवते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काउंट पुन्हा कमी.

मग मी स्क्रूड्रायव्हर घेऊन सेन्सिटिव्हिटी उतरवली. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी रिफ्लेक्टरवर धूळ बसली आणि पॅक नसतानाही सेन्सर ‘पॅक आहे’ म्हणायला लागला. सेन्सिटिव्हिटीशी खेळून केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे, उधारी आहे. साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं, ते अजून आठवतं.

शेवटी मेंटेनन्सचे एक काका आले. ब्रॅकेटचे दोन नट सैल केले, सेन्सर दहा-पंधरा अंश तिरका केला, रिफ्लेक्टर त्याच्या रेषेत सरकवला. फिल्मवरची चमक भलतीकडे गेली. रिफ्लेक्टर तिरप्या प्रकाशालाही आल्या वाटेनेच परत पाठवतो, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. पाच मिनिटांचं काम! कॅटलॉग पाठ असलेल्या दहा इंजिनिअरांपेक्षा असा एक काका गाठा. चहा तुम्ही पाजा.

डिफ्यूज सेन्सर वस्तूवरूनच परतलेला प्रकाश पकडतो, म्हणून त्याला काळा खोका पांढऱ्यापेक्षा जवळ आल्यावरच दिसतो. मागे चकचकीत पत्रा असेल तर बॅकग्राउंड सप्रेशनवाला, म्हणजे ठरावीक अंतरापलीकडचं न मोजणारा, घ्या. घाबरू नका, पहिलं वर्ष सगळ्यांचं असंच जातं.

माझ्या टूलबॅगेत त्या फिल्मचा तुकडा अजून आहे. नवा सेन्सर आला की लाइनवर चढवण्याआधी टेबलावर तो त्याच्यापुढे धरतो.