चार्ल्स्टनला जाताय? आधी भरतीची वेळ बघा

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला आईबाबांना घेऊन गेलो. लख्ख ऊन, पावसाचा थेंब नाही, आणि सिटी मार्केटजवळच्या रस्त्यावर घोटाभर खारं पाणी! समुद्राची भरती गटारांतून वर येते. बाबागाडी आणि दुखरे गुडघे सोबत असतील तर अर्धा दिवस त्यातच जातो.

त्यावर सोपा उपाय आहे.

१. निघायच्या आदल्या रात्री 'नोआ' या अमेरिकेच्या हवामान आणि समुद्रविषयक सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर चार्ल्स्टन हार्बरचं भरतीचं वेळापत्रक बघा. आकडा ७ फुटांच्या आसपास दिसला, तर सखल रस्त्यांवर पाणी येणार असं धरून चाला. वारा समुद्राकडून असेल तर अंदाजापेक्षाही जास्त चढतं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, त्यातही सप्टेंबर ते नोव्हेंबर, सर्वांत त्रासाचं.

२. भरतीच्या आधीचे-नंतरचे दोन तास संग्रहालयासाठी किंवा जेवणासाठी ठेवा. 'बॅटरी' नावाचा पाण्याकाठचा बांध आणि 'रेनबो रो' ही रंगीत घरांची रांग ओहोटीला बघा.

३. गाडी मीटिंग स्ट्रीटवरच्या पर्यटक केंद्राजवळच्या पार्किंग इमारतीत लावा. तिथून 'डॅश' बस फुकट आहे, तिकीटही लागत नाही. वडीलधाऱ्यांसाठी मला हीच सोय सगळ्यांत मोलाची वाटली.

एक मात्र सांभाळा: साचलेल्या पाण्यातून गाडी अजिबात घालू नका. ते समुद्राचं पाणी आहे, खालचा पत्रा आणि ब्रेक गंजतात. भाड्याची गाडी असेल तर भुर्दंड वेगळाच.