अमेरिकेतील अपंगत्व लाभ: काउंटीच्या टक्केवारीपेक्षा नोंदी महत्त्वाच्या

वेस्ट व्हर्जिनियातील मॅकडॉवेल काउंटीसारख्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) जुन्या कोळसाखाणींच्या भागात अपंगत्वाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. मात्र जनगणना विभागाची ही आकडेवारी ऐकणे, पाहणे, स्मरण, चालणे, स्वतःची देखभाल आणि एकट्याने बाहेर जाणे या सहा प्रश्नांना लोकांनी दिलेल्या उत्तरांवर आधारलेली असते. अपंगत्व लाभासाठी केलेल्या आपल्या अर्जाच्या निकालाशी तिचा संबंध नसतो. हा लाभ देणाऱ्या सोशल सिक्युरिटी या सरकारी यंत्रणेचा अपंगत्वाचा निकष एवढाच, की आजारामुळे पुरेशी कमाई देणारे काम करता येत नाही आणि ही स्थिती किमान 12 महिने टिकली आहे, टिकण्याची शक्यता आहे किंवा जीवघेणी आहे.

म्हणून अर्जात केवळ ‘पाठदुखी’ असे लिहून थांबू नये. किती मिनिटे उभे राहता येते, किती वजन उचलता येते, दिवसातून किती वेळा आडवे व्हावे लागते, हे स्पष्ट लिहावे आणि डॉक्टरांनाही तपासणीच्या नोंदीत तेच नमूद करण्याची विनंती करावी, कारण निदानाच्या नावापेक्षा या मर्यादांवरच बहुधा निर्णय ठरतो. नोकरीच्या वर्षांवर मिळणाऱ्या अपंगत्व लाभासाठी भारतातील नोकरीची वर्षे मात्र धरली जात नाहीत.

अर्ज नामंजूर झाल्यास खचून जाऊ नये, आणि लगेच नवा अर्जही करू नये. निर्णयाचे पत्र मिळाल्यापासून 60 दिवसांत अपील केल्यास मूळ अर्जाची तारीख कायम राहते व त्या तारखेवर लाभाची मागील थकबाकी अवलंबून असते.