कुत्र्याच्या मणक्यातली गादी सरकली आणि पिंजऱ्यात विश्रांती सांगितली? या चुका टाळा

आमच्या डॅशहुंडचं नाव शेवगा. लांबी बघून ठेवलेलं. जानेवारीच्या शेवटी तो दिवाणावरून उडी मारून खाली आला तो किंचाळतच. पाठीची कमान झालेली, पोट दगडासारखं घट्ट, मागचे पाय चालताना एकमेकांत अडकत होते. सांगलीतल्या विश्रामबागेतून मिरजेला पोचेपर्यंत तो माझ्या मांडीवर थरथरत होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मणक्यातली गादी सरकली आहे, पण अजून स्वतःच्या पायांवर चालतोय, म्हणून आधी औषधं आणि सहा आठवडे पिंजरा. "सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे," असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता आईकडे बघून. माणसं ओळखतात ते.

शेवगा मुळातच भित्रा आहे. सांगलीत गाळप हंगामात रात्री-अपरात्री उसाचे ट्रॅक्टर जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि वर कान किटवणारी गाणी. तो आवाज लांबून आला तरी हा माझ्या पांघरुणात घुसतो. अशा जिवाला दीड महिना कोंडायचं होतं. पाठीचं दुखणं परवडलं, पण रडणं नको, अशी आमची गत झाली आणि त्या नादात आम्ही बऱ्याच चुका केल्या.

त्या सांगण्याआधी एक तातडीचं. कुत्रं उभंच राहत नसेल, लघवी अडली असेल किंवा नुसती थेंबथेंब गळत असेल, तर हे वाचत बसू नका, त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठा. मागच्या पायाचं बोट जोरात चिमटल्यावर पाय ओढला एवढ्यावर समाधान मानू नका. मेंदूपर्यंत निरोप पोचला नाही तरी पाय आपोआप आखडतो. कुत्र्यानं वळून बघितलं किंवा कुरकुर केली तर जाणीव शिल्लक आहे. ती गेली असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय तासांत घ्यावा लागतो. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुढे पुणे आहे. पण कुठेही निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करायला लावा आणि मणक्याची शस्त्रक्रिया आज तिथे होईल का हे विचारून घ्या. हायवेवर शोधाशोध करायची ही वेळ नव्हे.

चौथ्या दिवशी "बरा झाला की!"

गोळ्या सुरू होऊन चौथा दिवस होता. शेवगा जेवत होता, शेपूट हलवत होता, दाराला नाक लावून बघत होता. बाबांनी कडी काढली. "जरा पाय मोकळे करू दे." तेवढ्यात कुरिअरवाला आला, शेवगा भुंकत सुटला आणि फरशीवर वळताना त्याचा मागचा भाग सपकन घसरला. संध्याकाळी पाठ पुन्हा पहिल्या दिवसासारखी. डॉक्टरांनी दिवस शून्यापासून मोजायला लावले.

दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट कडं असतं आणि आत मऊ गर. डॅशहुंड, बीगल, पेकिनीज, शिह त्झू अशा जातींमध्ये हा गर कमी वयातच सुकून खडूसारखा होतो. मग एखाद्या साध्या उडीनंही कडं फाटतं आणि गर वर सरकून मज्जारज्जूवर दाबतो. गोळ्या सूज आणि दुखणं दोन-चार दिवसांत उतरवतात, पण फाटलेलं कडं भरून यायला आठवडे जातात. कमीत कमी चार, बरेच डॉक्टर सहा ते आठही सांगतात. म्हणजे दुखायचं थांबलंय पण भरलेलं नाही, हेच दिवस सगळ्यात धोक्याचे. आतापर्यंत दुखणं त्याला आवरत होतं. ते गोळीनं गेलं, आता आवरायला फक्त पिंजरा उरला.

सगळं रडणं एकच समजणं

पहिल्या रात्री तो अकरा ते तीन रडला. आई म्हणाली दुखतंय. बाबा म्हणाले नाटकं. मी दर दहा मिनिटांनी उठून दार उघडून थोपटत होते. तिघंही चुकत होतो, कारण तिघंही एकच उत्तर धरून बसलो होतो.

तिसऱ्या रात्री मी एका जुन्या वहीत लिहायला लागले. किती वाजता रडला, आवाज कसा होता, अंग कसं होतं, कशानं थांबला. त्यातली एक नोंद अशी: "१.४०. उठून गोल फिरतो, खाली हुंगतो, बारीक कुईं. बाहेर नेला. लघवी. आल्या आल्या झोपला." दुसरी: "४.१०. कूस बदलताना एकदम ओरडला. पोट घट्ट. जवळ गेले तरी थरथर तशीच." तिसरी: "१०.३०. मी स्वयंपाकघरात गेले की भुंकतो, दारात दिसले की गप्प." आठवडाभरात ही तीन रडणी आईलाही वही न बघता ओळखू यायला लागली.

दुखण्याचं रडणं हालचालीशी बांधलेलं असतं. कूस बदलली, मान खाली घातली, उचललं की येतं. तुम्ही समोर बसलात तरी थरथर, धाप आणि ताठलेलं पोट जात नाही, जेवणावरची वासना उडते. त्यावर थोपटणं हा उपाय नाही, डॉक्टरांना फोन करून गोळीची मात्रा किंवा वेळ बदलून घ्यायची. आमच्याकडे पहाटेचं रडणं दोन गोळ्यांमधलं अंतर लांबल्यामुळे होतं, डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्यावर ते थांबलं.

लघवीच्या रडण्यात अस्वस्थपणा असतो, गोल फिरणं आणि हुंगणं असतं. स्टेरॉइड चालू असेल तर तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, त्यामुळे रात्री दोन-तीनदा उठावं लागलं तर तो हट्ट समजू नका. पाणी मात्र तोडू नका.

उरलं एकटेपणाचं रडणं. घरादाराचा कस इथे लागतो. आवाज टिपेला पोचला की दार उघडायचं, हे आम्ही तीन रात्री केलं आणि शेवगा नीट शिकला की एवढं ओरडलं की दार उघडतं. मग बाबांनी सुचवलं, ढुंकून बघायचंच नाही. ते त्याहून वाईट निघालं. घाबरलेलं कुत्रं रडून दमत नाही, जाळीला धडका देतं, पंजांनी ओरबाडतं, अंग पिळतं, आणि हे सगळं नेमकं त्या फाटक्या गादीवर येतं. मधला रस्ता डॉक्टरांनीच दाखवला. रडणं सुरू व्हायच्या आधी जायचं. तो गप्प असताना जवळून जाता जाता जाळीतून उकडलेल्या भोपळ्याचा एक तुकडा टाकायचा, बोलायचं नाही, थांबायचं नाही. पहिल्या दिवशी दर मिनिटाला, मग पाच मिनिटांनी, मग वीस. रडलाच तर श्वास घ्यायला थांबेल तेवढ्या तीन-चार सेकंदांच्या फटीत त्याच्याजवळ जाऊन बसायचं. दार उघडायचं नाही, नुसतं बसायचं. सहा-सात दिवस लागले.

पण लाळ गळतेय, दात जाळीत अडकताहेत, नखांतून रक्त येतंय, असं असेल तर तो शिकवणीचा विषय राहत नाही. ती धास्ती आहे आणि तिला औषध लागतं.

औषध मागायला लाजणं

मी दोन आठवडे विचारलं नाही, कारण गुंगीचं औषध म्हणजे कुत्र्याला बधिर करणं असं डोक्यात बसलं होतं. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन ही औषधं डॉक्टर अशा वेळी सर्रास देतात. गॅबापेंटिन तर मज्जातंतूच्या दुखण्यावरही चालतं. मात्रा त्यांनीच ठरवायची. माणसांचं सिरप असेल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोडवण) नाही ना हे विचारायचंच, ते कुत्र्याला विष आहे.

वेळही महत्त्वाची. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची मिरवणूक आमच्या कोपऱ्यावरून जाते. ढोल सुरू झाल्यावर मी गोळी दिली, ती काम करू लागली तोवर मिरवणूक पुढे गेली होती आणि शेवगा घामाघूम... कुत्र्याला तसा घाम येत नाही म्हणा, मीच घामाघूम झाले होते. अशी गोळी आवाज सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी पोटात जायला हवी. पुढच्या आठवड्यात समोरच्या कार्यालयात वरात होती. पत्रिकेवरचा मुहूर्त बघून गोळी दिली, बाहेरचा आवाज दबावा म्हणून कूलर नुसत्या पंख्यावर लावला, आणि तो डोळे अर्धे मिटून पडून राहिला.

पिंजरा मागच्या खोलीत

शांतता मिळावी म्हणून आम्ही तो आधी मागच्या खोलीत ठेवला होता. माणसांत वाढलेल्या कुत्र्याला ती शांतता नको असते. दिवसा बैठकीत, भिंतीच्या कडेला, पण मुख्य दार आणि खिडकी दिसणार नाही असा ठेवा. रात्री तुमच्या अंथरुणाशेजारी. तीन बाजूंवर सुती चादर, समोरची बाजू उघडी. फेब्रुवारी संपता संपता सांगलीत दुपारी चांगलंच तापतं, तेव्हा वरची चादर काढून टाका. आकार एवढाच की उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता यावं. शेवग्याला ३६ इंची पुरला. खाली घट्ट गादी आणि घसरू नये म्हणून रबरी मॅट. फोमची जाड उशी नको, पाय रुतून पाठ वाकडी होते. छत नसलेलं कुंपणही नको, त्यावरून उडी मारायचा मोह होतो.

पाहुणे

कुत्रं आजारी आहे म्हटल्यावर माणसं बघायला येतात, आणि आली की कळवळतात. शेजारच्या काकू रोज म्हणायच्या, "काय पाप केलंय त्यानं, सोडा की जरा." एका नातेवाइकांनी तेल लावून मणका बसवणारा माणूसही सुचवला. चमक निघते म्हणे. सरकलेल्या गादीवर असा दाब पडला तर चालतं कुत्रं लुळं पडू शकतं, त्यामुळे इथे नात्याची भीड ठेवू नका.

तासगावची मावशी आली ती किलोभर बेदाणे घेऊन आणि बोलता बोलता तिनं चिमूटभर जाळीतून आत सरकवले. माझं लक्ष गेलं तेव्हा दोन दाणे पोटात होते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालतात आणि किती खाल्ले म्हणजे चालेल याचा भरवसा नाही. लगेच फोन, मग दवाखान्यात नेऊन उलटी करवली, पुन्हा ती उचलाउचल. त्या संध्याकाळी पिंजऱ्यावर पुठ्ठा लटकवला: खायला देऊ नये, दार उघडू नये, "बिचारा" म्हणू नये. तिसरं कलम बाबांनी घातलं.

बाकीच्या, थोडक्यात

बगलेत हात घालून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांखाली, पाठ जमिनीला समांतर. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला. बाहेर फक्त लघवी-शीसाठी, चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटं, आखूड दोरीवर, पोटाखाली टॉवेलची झोळी धरून. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं असेल तर दुसरी वेदनाशामक गोळी आपल्या मनानं जोडू नका, आतड्याला जखमा होतात. डांबरासारखी काळी शी दिसली की फोन करा. हालचाल थांबली की वजन चढतं, म्हणून खाऊ रोजच्या जेवणातूनच काढा. आम्ही ताटलीवर दही पसरून गोठवायचो, ते चाटण्यात त्याची वीस मिनिटं जायची आणि चाटताना कुत्रं आपोआप निवतं. कांदा-लसूण घातलेलं काही नको. ओढाओढीची खेळणी माळ्यावर.

शेवटच्या दिवशी दार सताड उघडणं

सहा आठवडे भरले म्हणजे मैदान मोकळं झालं असं नाही. दीड महिन्यात मांड्यांचे स्नायू बारीक झालेले असतात. आधी डॉक्टरांना दाखवायचं, मग दोरीवर पाच मिनिटं सपाट रस्त्यावर, दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. जिने आणि उड्या मात्र कायमच्या बंद. घरात जाण्या-येण्याच्या वाटेवर आम्ही सतरंजीखाली रबर लावून टाकलं आहे. पिंजरा ठेवलाय, दार काढून. ट्रॅक्टर आला की शेवगा आता पांघरुणाऐवजी तिकडे जातो.

दिवाण माळ्यावर गेला. बाबा जमिनीवर गादी टाकून बातम्या बघतात आणि उठताना कमरेला हात लावून शेवग्याकडे रागानं बघतात.